गाडीत रस्त्याचा आवाज घुमतो? शीट चिकटवण्याआधी या चुका टाळा

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ‘आवाज लय येते भाऊ’ म्हटलं, की दुकानदार डॅम्पिंग शीटचा, म्हणजे पत्र्याची थरथर मारायला आतून चिकटवायच्या शीटचा, रोल काढून काउंटरवर ठेवतो. आवाज कुठून येतो, हे कोणी विचारत नाही. मग चारही दारं उघडतात, पैसे जातात आणि गाडी पुन्हा तशीच घुमते, कारण आवाज टायरचा होता. किंवा चाकाच्या बेअरिंगचा.

म्हणून पहिली चूक हीच: आवाज न ओळखता खर्च करणं. ओळखायला यंत्र लागत नाही, दोन तऱ्हेचे रस्ते लागतात. विदर्भातल्या कारंजा-मूर्तिजापूर पट्ट्यातल्या लोकांची त्यात सोय आहे. एका बाजूला काँक्रीटचा समृद्धी महामार्ग, दुसऱ्या बाजूला अमरावती-अकोला डांबरी हायवे (जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा थर 105 तास 33 मिनिटांत टाकून विक्रम झाला, तोच). दोन्हीकडे काचा बंद, एसी-रेडिओ बंद ठेवून ताशी 70 च्या वेगाने चालवा. काँक्रीटवर घरघर आणि डांबरावर येताच शांतता, असं झालं तर आवाज टायरचा. रस्ता बदलूनही घूं-घूं तशीच राहिली आणि वेगासोबत चढत गेली, तर बेअरिंगवर संशय घ्या. लांबट डाव्या वळणावर वजन उजव्या चाकांवर जातं. तिथे आवाज वाढला तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डाव्या बाजूचं. तेवढ्याच वेगात गिअर बदलल्यावर आवाज बदलला, तर तो इंजिनाकडचा. बेअरिंगचा आवाज शीटखाली दाबून फिरणं म्हणजे धोका झाकून फिरणं आहे, हे स्पष्टच सांगतो.

त्याआधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, पाण्याची कॅन, फवारणीचा पंप यांच्या खडखडाटाला रस्त्याचा आवाज समजणारे कमी नाहीत.

टायरकडे दुर्लक्ष

पंपावर हवावाल्याला ‘टाक चाळीस’ म्हणायची सवय आपल्याकडे फार. पांदणीतून जायचं असतं, टायर कडक असलेला बरा वाटतो. पण जास्त हवेचा टायर रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीपर्यंत पोचवतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यातला आकडा पाळा, आणि हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

मग टायरच्या नक्षीवरून हात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर वाकडा झिजलाय. तो घुमणारच. अलाइनमेंट करून घ्या आणि साधारण दर 8-10 हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करा. मात्र झिजेचे दात पडल्यानंतर अलाइनमेंटने आवाज लगेच जात नाही. तेव्हा मेकॅनिकला दोष देऊ नका. टायरचं वयही बघा. बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. उन्हाने रबर कडक होतं, त्यामुळे नक्षी शाबूत असलेला जुना टायरही ओरडतो. आणि हौसेने रुंद टायर टाकणाऱ्यांनी आवाजाची तक्रार करू नये.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. शेतातली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि तिथेच वाळते. चाकाचं बॅलन्स जातं, स्टिअरिंग थरथरतं, लोक बॅलन्सिंगला पळतात. आधी रिम आतून धुवा. तेव्हाच चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे फेंडर लायनर, जागेवर आहे का बघा. क्लिपा तुटल्या की काही गॅरेजवाले ते काढून फेकतात, आणि मग गिट्टी थेट पत्र्यावर आदळते. नवं लायनर शीटपेक्षा किती तरी स्वस्त पडतं.

दाराच्या रबराला ग्रीस

दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा आणि आवाज दोन्ही आत येतात. बऱ्याचदा रबरावर नुसती धूळ असते. ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की भागतं. डिझेल, ऑइल, साधं ग्रीस लावू नका, बीडिंगचं रबर त्याने फुगून सैल पडतं. वरून दुसरी जाड बीडिंग चिकटवली तर दार आपटावं लागतं, लॉकवर ताण येतो.

आता शीट

एवढं करूनही आवाज राहिला, तर शीटला अर्थ आहे. डांबरी शीट घेऊ नका. विदर्भात पारा 45 च्या वर जातो, उन्हातला पत्रा त्याहून तापतो. शीट मऊ होऊन सुटते, गाडीत डांबराचा वास भरतो. ब्युटाइल रबराची घ्या. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. शीटचं काम पत्र्याची थरथर मारणं आहे, त्यासाठी सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी पुष्कळ. सुरुवात मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिकीच्या तळापासून करा, दारं नंतर. नुसता फोम किंवा थर्मोकोल कोंबून घरघर थांबत नाही, फोम वरून पाणी पितो.

दारात काम करताना खालची पाणी जायची भोकं बुजवली, तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचून पत्रा गंजायला लागतो. आतलं पातळ प्लास्टिक फाडून टाकलं तर पाणी थेट ट्रिमवर, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणावर येतं. काच वर-खाली करून बघूनच दार बंद करा. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो, अशा दाराला कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खालून मारायच्या अंडरबॉडी कोटिंगने गिट्टीचा टणटणाट थोडा कमी होतो, घरघर नाही. फवारा सायलेन्सर आणि ब्रेकवर जाणार नाही, एवढं उभं राहून बघा.

काँक्रीटच्या सांध्यांवरची ठक-ठक मात्र सस्पेन्शनमधून येते. ती एकाएकी वाढली असेल तर शीट नको, सस्पेन्शनचे रबरी बुश तपासा.