परदेशातील शिक्षकांना कसे संबोधावे

दुसऱ्या देशात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे तेथील भाषेतला 'शिक्षक' हा एक शब्द पाठ करून भागत नाही. उपाधी कोणती, नावाचा कोणता भाग घ्यायचा आणि सर्वनाम कोणते, या तिन्ही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. माझ्या मते सर्वाधिक चुका नावाच्या बाबतीत होतात.

जपानमध्ये आडनावापुढे 'सेन्सेई' जोडतात, उदाहरणार्थ 'तानाका-सेन्सेई'. चीनमध्ये त्याच क्रमाने 'वांग लाओशी' म्हणतात. नुसते 'सेन्सेई' किंवा 'लाओशी' म्हटले तरी चालते, परंतु नुसत्या आडनावाने हाक मारणे उद्धटपणाचे ठरते. थायलंडमध्ये मात्र 'आचान' आणि 'ख्रू' यांच्यापुढे व्यक्तीचे स्वतःचे नाव येते. (हे शब्द आपल्या 'आचार्य' आणि 'गुरू' यांचेच आप्त आहेत, त्यामुळे ते लक्षात ठेवणे आपल्याला सोपे जाते.) व्हिएतनाममध्ये शिक्षकांना 'थाय' आणि शिक्षिकांना 'को' म्हणून पुढे स्वतःचे नाव जोडतात. तेथे आडनाव आधी लिहितात आणि न्गुयेन हे आडनाव इतक्या लोकांचे असते की त्यावरून माणूस ओळखूच येत नाही. म्हणून छापील नावातील शेवटचा शब्द घ्यावा. बोलताना विद्यार्थी स्वतःला 'मी' न म्हणता बहुधा 'एम', म्हणजे धाकटे भावंड, म्हणवतो.

रशियात उपाधी लागतच नाही. 'आन्ना इव्हानोव्हना' असे नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेले पितृनाम एकत्र उच्चारले, सोबत आदरार्थी 'व्ही' वापरले, की मान पूर्ण होतो. जर्मनीत 'हेर' किंवा 'फ्राऊ' आणि आडनाव, तसेच 'झी' हे सर्वनाम वापरावे. 'डू', म्हणजे 'तू', म्हणण्याची मुभा शिक्षकांकडून यावी लागते. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वांनाच 'डू' म्हणण्याची रीत रुळली असल्याने प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याला जड गेले तरी तेथे तसेच म्हणावे, कारण उपाधीचा आग्रह धरल्यास उगाच दुरावा जाणवतो.

अमेरिकी विद्यापीठात 'प्रोफेसर' आणि आडनाव हे सर्वांत सुरक्षित असते. प्राध्यापिकेला 'मिसेस' म्हणणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यात तिच्या विद्वत्तेऐवजी वैवाहिक स्थितीचा उल्लेख होतो.

पहिला ईमेल नेहमी औपचारिक संबोधनानेच लिहावा आणि उत्तराखाली शिक्षकांनी कशी सही केली आहे ते पाहावे. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर 'मी आपल्याला काय म्हणू?' असे पहिल्याच भेटीत सरळ विचारावे.