वापरलेले सॉफ्टवेअर विकत घेताना या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीवर, मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत जुना लॅपटॉप घेताना आपण बॅटरी, कीबोर्ड, पडद्यावरचे डाग असे सगळे पारखून घेतो. पण आत भरून दिलेले विंडोज किंवा ऑफिस कोणाच्या परवान्यावर चालते, हे विचारायचे राहून जाते. सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजले की हाती येतो तो वापराचा परवाना, आणि तो पुढे दुसऱ्याला देता येतो की नाही हे त्याच्या अटींवर ठरते.

सर्वाधिक गोंधळ ओईएम (यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्यासोबत दिलेला) आणि रिटेल (वेगळा विकत घेतलेला) परवान्यांत होतो. यंत्रासोबत आलेले ओईएम विंडोज त्या यंत्राशीच बांधलेले असते, त्यामुळे लॅपटॉप विकला की परवाना नव्या मालकाकडे रीतसर जातो. मात्र भंगारातल्या संगणकाची ‘की’ (सॉफ्टवेअर सुरू करायचा परवाना-क्रमांक) काढून ती दुसऱ्या यंत्रावर चालवणे अटींत बसत नाही. मदरबोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन (परवान्याची नोंद होऊन सॉफ्टवेअर सुरू होणे) गेले, तर त्याचे कारणही बहुधा हेच असते. रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून टाकून नव्यावर नेता येतो.

दुसरी चूक म्हणजे शे-पाचशे रुपयांच्या कीवर विश्वास ठेवणे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ लिहून, एक जागा सोडून, ‘स्लॅश डीएलआय’ दिल्यास परवान्याचा प्रकार दिसतो. घरगुती लॅपटॉपवर तेथे ‘व्हॉल्यूम’ असे आले, तर ती की बहुतेक एखाद्या संस्थेसाठी दिलेली असते. केएमएस पद्धतीचे, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून होणारे, ॲक्टिव्हेशन १८० दिवसांपुरतेच असते, म्हणून ‘सहा महिने नीट चालले, मग अचानक बंद पडले’ ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय तिकडेच जातो. पडद्यावर ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसले म्हणजे परवाना खरा, असे मुळीच नाही.

युरोपातल्या न्यायालयाने २०१२ साली ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्धच्या खटल्यात वापरलेल्या परवान्यांची विक्री मान्य केली, असा दाखला काही विक्रेते देतात. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, शिवाय त्यातही पहिल्या मालकाने आपली प्रत निरुपयोगी करावी आणि अनेक वापरकर्त्यांचा एकत्रित परवाना तुकडे करून विकू नये, असे सांगितलेले आहे. आपल्याकडे लागू होतो तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम ५२ नुसार कायदेशीर ताबा असलेल्या माणसाला नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते. पण मूळ विकून बॅकअप स्वतः वापरत राहण्याची मुभा त्यातून मिळत नाही. कलम ६३ बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. दुकान वा कार्यालय चालवणाऱ्यांना ही सवलत नाही.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत जुन्या संगणकावरचा परवाना आधी ‘सरेंडर’ करावा, म्हणजे त्यावरून सोडवावा लागतो, तेव्हा विक्रेत्याकडून ते आपल्यासमोर करून घ्या आणि परवाना आपल्या नावावर होऊ शकतो का, हे कंपनीकडून लेखी विचारा. ॲडोबीचे क्रिएटिव्ह क्लाउड (फोटो-डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा संच) हे सदस्यत्व असल्याने त्यात ‘जुने’ विकण्यासारखे काही नसतेच.

बिलावर नुसते ‘लॅपटॉप विथ सॉफ्टवेअर’ लिहून घेऊ नका. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि परवान्याचा प्रकार मागा. खोटी प्रत आधीच हाती आली असेल, तर कळल्यापासून ती वापरू नका: फाइली वेगळ्या ठेवा, सॉफ्टवेअर काढून टाका, बिल दाखवून पैसे परत मागा. तोवर पत्रे आणि हिशेबाचे तक्ते मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये होतात.