ग्रिझलीच्या रानात शिकारीला जाताय? संरक्षण निवडताना या चुका टाळा

रानात फिरायला जाणाऱ्याला अस्वलांबद्दल सांगतात की आवाज करत चला, तिघंचौघं मिळून जा, पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीत शिरू नका. शिकाऱ्याला यातलं काहीच पाळता येत नाही. अमेरिकेतल्या माँटाना किंवा वायोमिंगमध्ये सप्टेंबरात एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) मागावर निघालेला माणूस उजाडायच्या आधी, बरेचदा एकटा, वारा तोंडावर घेत, पाऊल न वाजवता चालतो. वर एल्कच्या मादीसारखी सादही घालतो. नेमक्या याच दिवसांत ग्रिझली (उत्तर अमेरिकेतलं तपकिरी अस्वल) हिवाळ्याच्या झोपेसाठी चरबी साठवत असतं आणि दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतं. म्हणजे शिकारी स्वतःहून त्याच्या वाटेत जातो, आणि तेही त्याला चाहूल न देता.

यलोस्टोनच्या परिसरातला प्रौढ नर साधारण ३०० ते ७०० पौंडांचा असतो आणि ताशी ३५ मैलांनी धावू शकतो. सेकंदाला ५० फूट झाले. झाडीत तो १०० फुटांवर दिसला, तर तुमच्या हातात दोन सेकंद आहेत. त्यामुळे कोणता ब्रँड आणि कोणतं कॅलिबर हे प्रश्न नंतरचे. घेतलेली वस्तू दोन सेकंदांत, थंडीने आखडलेल्या बोटांनी, न बघता हातात येते का, हा पहिला प्रश्न.

स्प्रे सॅकला अडकवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात खोचलेला अस्वलाचा स्प्रे, म्हणजे धावून येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, उपयोगाचा नाही, हे बहुतेकांना कळतं. पण सॅकच्या कमरपट्ट्यावर लावलेला स्प्रेही शिकाऱ्याला दगा देतो, हे सहसा ध्यानात येत नाही. एल्क जवळ आला की शेवटचे १०० यार्ड सरपटत जाण्यासाठी आपण सॅक काढून ठेवतो. स्प्रे तिच्याबरोबर मागे राहतो, आणि धोका तर त्याच १०० यार्डांत असतो.

स्प्रे अंगावर हवा: पँटच्या पट्ट्याला, नाहीतर छातीवरच्या दुर्बिणीच्या हार्नेसला. हार्नेस उत्तम, कारण तो कोणी दिवसभर काढत नाही आणि दोन्ही हातांना तो सारखाच जवळ असतो. धनुर्धारी शिकाऱ्याचा एक हात धनुष्यात अडकलेला असतो आणि दुसऱ्या मनगटाला रिलीजचा, म्हणजे धनुष्याची दोरी ओढून सोडायच्या साधनाचा, पट्टा असतो. रिलीजचा आकडा होल्स्टरच्या फडक्यात अडकतो का, हे घरीच तपासून घ्या. दोघं जात असाल तर दोघांकडे स्वतंत्र कॅन हवा. एकाच कॅनच्या भरवशावर दोघं निघाले आणि वाटेत पांगले, की एक जण रिकाम्या हाती राहतो.

भलताच कॅन उचलणं

शहरात स्वसंरक्षणासाठी मिळणारा पेपर स्प्रे अस्वलासाठी नसतो. त्यातून बारीक धार निघते आणि ती नेमकी डोळ्यांवर बसावी लागते. अस्वलाच्या स्प्रेमधून दाट ढग निघतो आणि धावत येणारा प्राणी त्यात आपणहून शिरतो. डब्यावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा, नोंदणी क्रमांक बघा. कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीचे घटक १ ते २ टक्के, वजन किमान ७.९ औंस म्हणजे २२५ ग्रॅम, पल्ला किमान २५ फूट आणि फवारा किमान ६ सेकंद टिकणारा, इतकं जुळलं की कॅन कामाचा. काही डब्यांवर तिखटपणाचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांच्या मागे लागू नका. पल्ला आणि सेकंद महत्त्वाचे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हा स्प्रे प्रवासी विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली देण्याच्या सामानातही नाही. बोझमन किंवा जॅक्सनला उतरल्यावर विकत घ्या. त्यासाठी पहिल्या दिवसातला एक तास राखून ठेवा. दुकानं बंद झाल्यावर पोहोचलो म्हणून स्प्रेशिवायच पहाटे रानात शिरणं, ही चूकही बरेच जण करतात.

कॅन आहे, पण चालत नाही

नवीन कॅनच्या चापावर प्लास्टिकची सेफ्टी क्लिप असते, आणि दुकानात कोणी दाबू नये म्हणून तिच्याभोवती बहुधा एक झिपटायही ओढलेली असते. ती कापल्याशिवाय क्लिप निघतच नाही. घरी आल्याबरोबर कात्रीने कापा. क्लिप मात्र जागेवर राहू द्या. काटेरी झुडपातून जाताना क्लिप ओढली जाऊन गळून पडते आणि पुढच्या फांदीने चाप दबला की स्वतःच्याच मांडीवर फवारा उडतो. म्हणून दर थांब्याला अंगठ्याने क्लिप चाचपायची सवय लावा.

मुदत डब्यावर छापलेली असते, बहुधा ३ ते ४ वर्षांची. आतलं तिखट टिकतं, पण वायूचा दाब सीलमधून हळूहळू निसटतो. ओळखायचं कसं? नवा कॅन आणला की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि ग्रॅममधलं वजन मार्करने बुडावर लिहा. पुढच्या हंगामात पुन्हा ठेवा. वजन घटलं असेल तर मुदत बाकी असली तरी तो कॅन बाद. एकदा अर्धा सेकंद जरी फवारला तरी तो शिकारीसाठी बाद समजा, कारण झडपेत अडकलेला कण सील नीट बसू देत नाही. सरावासाठी तिखट नसलेले खास सराव कॅन मिळतात. ते घ्या, हातमोजे घालून वीसएक वेळा काढा आणि क्लिप उडवा. त्यातला एक तरी अंगणात खराखुरा फवारून बघा. ६ सेकंद किती लवकर संपतात, ते तेव्हाच कळतं.

नोव्हेंबरच्या थंडीत दाब उतरतो, पल्ला आखूड होतो आणि ढग नीट पसरत नाही. रात्री कॅन तंबूत, हाताशी, उबेत ठेवा. पहाटे बसून वाट बघताना तो जॅकेटच्या आत सरकवला तरी चालेल, मात्र चालायला लागताना पुन्हा बाहेर, होल्स्टरमध्ये. उलट, उन्हात उभ्या गाडीत तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की कॅन फुटू शकतो. डॅशबोर्डवर तर ठेवूच नका.

वेळेआधी, आणि तोंडावर नेम धरून फवारणं

कॅन दोन्ही हातांनी धरा. अस्वल ३० ते ६० फुटांवर असताना, त्याच्या डोक्याच्या किंचित खाली, पुढच्या जमिनीच्या दिशेने २-३ सेकंदांचा फवारा द्या. ढग वर चढतो आणि नाकाडोळ्यांच्या उंचीला त्याच्यासमोर उभा राहतो. थेट डोक्यावर नेम धरला तर बराचसा फवारा पाठीवरून निघून जातो. वारा आडवा असेल तर तो ज्या बाजूने येतोय त्या बाजूला थोडं सरकवून मारा. समोरून असेल तर अस्वल आणखी जवळ येऊ द्यावं लागतं, आणि थोडं तिखट तुमच्याही डोळ्यांत जाईल हे धरून चला. ढगातूनही ते पुढे आलं तर उरलेला कॅन सरळ तोंडावर रिकामा करा. ते वळलं की त्याच क्षणी तिथून निघा, पण पळू नका.

तंबूवर किंवा सॅकवर डासांच्या औषधासारखा हा स्प्रे मारून ठेवणारेही असतात. वाळलेल्या तिखटाच्या वासाने अस्वलं दूर राहत नाहीत, उलट हुंगायला येतात आणि त्यात लोळतात. अलास्कात हे नोंदलं गेलं आहे.

बंदूक आहे म्हणजे झालं, असं धरणं

अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास वारंवार सांगितले जातात. २००८ च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के प्रसंगी थोपवलं होतं. २०१२ च्या अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला ८४ आणि रायफल-शॉटगनला ७६ टक्के यश आलं. हे आकडे एकाच तराजूत घालू नयेत, कारण स्प्रेच्या घटनांत नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही बरीच होती. पण दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट शिकाऱ्याने मनावर घ्यावी. बंदूक असूनही ती वेळेत वापरता न येणं, हे अपयशाचं मोठं कारण होतं. झाडायला वेळच मिळाला नाही, बंदूक अडकली, सेफ्टी वेळेत काढता आली नाही, अशी ती कारणं.

म्हणून शिकारीची रायफल हे अस्वलापासूनचं संरक्षण धरू नका. ९ पटीवर ठेवलेल्या स्कोपमधून २० फुटांवर फक्त केस दिसतात. झाडीतून चालताना स्कोप सगळ्यात कमी पटीवर आणून ठेवा. हातबंदूक नेणार असाल तर १० एमएम किंवा .४४ मॅग्नम बहुतेकजण नेतात. गोळी निवडताना मात्र चूक होते. माणसांसाठी बनवलेली, लागताच फुलणारी पोकळ टोकाची गोळी जाड स्नायूत लवकर थांबते. इथे खोल जाणारी हवी, म्हणजे कडक शिशाची, सपाट टोकाची. आणि झेपत नाही इतकं जड कॅलिबर घेऊ नका. दुसरी गोळी नेमावर बसायला हवी. बंदूक नेली तरी स्प्रे सोडायचा नाही. ग्रँड टेटनच्या राष्ट्रीय उद्यानात एल्कची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी जी शिकार चालते, तिथे तर स्प्रे जवळ आणि हाताशी असणं सक्तीचं आहे.

कायद्याची बाजूही बघा. अलास्का वगळता उरलेल्या मुख्य अमेरिकेत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यापुरतीच सूट आहे, आणि मारलं तर लगेच कळवावं लागतं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्या आपल्या मंडळींनी हे नीट वाचावं: अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला अपवाद आहेत, आणि कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यांतला नेहमीचा. मित्राची बंदूक ‘जरा धर’ म्हणून हातात घेण्याआधी तुमचा परवाना आणि त्याची मुदत बघा. स्प्रेला हा प्रश्नच येत नाही.

अस्वलाला चाहूल द्यायला अंगावर बांधतात त्या घुंगरांवर पैसे घालवू नका. त्यांचा आवाज दाट झाडीत पोहोचत नाही. आवाजी फटाक्यांचाही भरवसा नको. फटाका अस्वलाच्या मागे जाऊन फुटला तर ते तुमच्याकडेच धावतं.

शिकार पडली की सावधपणा संपवणं

खरी कसोटी इथून लागते. गुडघ्यावर बसलेलो, मान खाली, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, एका हातात सुरी. या अवस्थेत दोन सेकंदांत काय हाताला लागेल? पट्ट्यावरचा स्प्रे वाकलेल्या पोटाखाली दबतो, म्हणून काम सुरू करण्याआधी तो काढून उजव्या गुडघ्याशी जमिनीवर उभा ठेवा, क्लिप हाताच्या बाजूला. रक्ताने बोटं निसरडी होतात, तेव्हा जवळ एक कोरडं फडकंही असू द्या. दोघं असाल तर एकाने कापायचं आणि दुसऱ्याने स्प्रे हातात घेऊन, पाठ करून, फक्त झाडीकडे बघायचं. दोघांनी मिळून लवकर उरकू, हा मोह आवरा. एकटे असाल तर शक्य तितकं उघड्यावर ओढून घ्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करा.

पूर्ण एल्क एका फेरीत निघत नाही. मांस रात्रभर ठेवावं लागलं तर आतड्यांच्या ढिगाजवळ ठेवू नका. किमान १०० यार्ड दूर न्या आणि जमिनीपासून १० फूट वर, खोडापासून ४ फूट लांब टांगा. झाडं नसतील तर बॅटरीवरचं विजेचं कुंपण, ६,००० व्होल्टच्या वर दाब देणारं. जागा अशी निवडा की दुसऱ्या दिवशी २०० यार्डांवरून, उंचावरून ती दिसेल.

परत येताना शिकाऱ्याची चाल सोडून द्या. वारा पाठीवर घेऊन, मोठ्याने बोलत या. आधी दुर्बिणीतून बघा. कावळे आणि मॅगपाय खाली न उतरता वरच्या फांद्यांवर बसून ओरडत असतील, किंवा ढिगावर माती, पालापाचोळा ओढलेला दिसला, तर ती शिकार आता अस्वलाची झाली. ते तिथेच, २०-३० यार्डांच्या आत आडवं पडलेलं असू शकतं. स्प्रे हातात घ्या, क्लिप काढा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा.