लिनक्सचे युजर एलडॅपमध्ये हलवायचेत? आधी नंबर जुळवा

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तीन-चार लिनक्स मशीन, प्रत्येकावर तीच माणसं वेगवेगळी नोंदवलेली. पासवर्ड बदलायचा तर सगळीकडे फिरा. ही यादी एका एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्या मशीनना सामाईक अशा युजरांच्या नोंदवहीत आणायला पीएडीएल कंपनीची मायग्रेशन-टूल्स ही जुनी पर्ल स्क्रिप्टं अजून कामाला येतात. स्क्रिप्टं चालवायला फार वेळ लागत नाही. खरा घोळ असतो युजर-आयडीचा, म्हणजे प्रत्येक युजरला मिळालेल्या नंबरचा.

समजा, एका सर्व्हरवर १००१ म्हणजे स्टोअरचा अमित आणि दुसऱ्यावर १००१ म्हणजे डिझाइनची सुजाता. फाइलवर मालकाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. तसंच हलवलंत तर सुजाताची ड्रॉइंग्ज अमितच्या नावावर! म्हणून सगळ्या मशीनच्या पासवर्ड फाइली (युजर आणि त्यांचे नंबर यांची यादी) शेजारी ठेवा आणि टक्कर होईल तिथे कुठेच न वापरलेला नंबर द्या. नंबर बदलणारं 'यूजरमॉड' होम फोल्डरमधल्या फाइलींचा मालक बदलतं, बाहेरच्या नाही. त्या जुन्या नंबरवरून 'फाइंड'ने शोधून 'चोन' करा, म्हणजे मालक बदला, आणि हे त्या मशीनवर तो नंबर दुसऱ्या कुणाला देण्याआधीच.

आता १००० आणि त्यापुढच्या नंबरांचे युजर वेगळ्या फाइलीत काढा. ६५५३४ म्हणजे 'नोबडी' हा सिस्टिमचाच युजर, तो गाळा. रूट (मुख्य अ‍ॅडमिन) आणि सिस्टिम खाती जागच्या जागीच राहू द्या; एलडॅप बंद पडलं तर आत शिरायला दार हवं ना!

स्क्रिप्टांच्या कॉमन फाइलीत मेल डोमेन आणि बेस डीएन (डिरेक्टरीचा मूळ पत्ता) आपला घाला. मग बेसचं, ग्रुपचं आणि पासवर्डचं स्क्रिप्ट रूट म्हणून चालवून तीन एलडिफ फाइली (एलडॅपमध्ये भरायच्या नोंदींच्या मजकूर-फाइली) बनवा. पासवर्डची फाइल उघडून बघाच. 'क्रिप्ट'पुढे लांबलचक हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) हवा. नुसता 'एक्स' दिसला तर शॅडो फाइल, जिथे खरे हॅश असतात, ती वाचलीच गेलेली नाही. जीकॉस (युजरचं पूर्ण नाव) या रकान्यात देवनागरी नाव चालत नाही, भरताना एरर २१ येतो. या फाइलीत सगळ्यांचे हॅश आहेत, तेव्हा परवानगी ६०० ठेवा आणि काम झालं की उडवा.

'एलडॅपअ‍ॅड'ने आधी बेस, मग ग्रुप, मग युजर भरा. एरर ६८ म्हणजे ती नोंद आधीच आहे; बेस डीएन बहुधा इन्स्टॉलच्या वेळीच बनलेला असतो, तेव्हा 'सी' पर्याय देऊन पुढे जा.

क्लायंटवर, म्हणजे लॉगिन करायच्या मशीनवर, एलडॅपमधून युजर ओळखणारं एसएसएसडी बसवा. टीएलएसशिवाय (सांकेतिक, सुरक्षित जोडणीशिवाय) ते एलडॅपवरून लॉगिन करू देत नाही, त्यामुळे सर्टिफिकेट आधी लावा. एनएसस्विच या फाइलीत, म्हणजे युजर आधी कुठे शोधायचा ते ठरतं तिथे, 'फाइल्स' पहिलं, 'एसएसएस' नंतर. म्हणजेच लोकल नोंद असेपर्यंत युजरची नोंद दाखवणारं 'गेटएंट' तीच दाखवणार. एकाच मशीनवर एकाच युजरची लोकल नोंद 'यूजरडेल'ने काढून बघा. 'आर' पर्याय लावू नका, होम फोल्डर पुसलं जाईल. 'गेटएंट' आणि 'आयडी' जुनाच नंबर दाखवतात आणि लॉगिनही होतं, तरच बाकीची मशीन हातात घ्या.