शुगरच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून मेडिकलवाल्याची मदत कशी घ्यावी

"काका, मागच्या वेळी साठ गोळ्या नेल्यात. दिवसाला दोन. पाच तारखेला यायला हवं होतं, आज सतरा आहे."

"अरे, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून जरा सुट्टी दिली."

काउंटरमागे उभं राहून हे मी नेहमी ऐकतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळ्यांमुळेच. डॉक्टरांची भेट होते दोन-तीन महिन्यांनी, आमची दर महिन्याला. त्याचा उपयोग असा करून घ्या.

१. दुकान एकच ठेवा आणि चिठ्ठी पूर्ण दाखवा. बीपीच्या, गुडघ्याच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढा, सगळं सांगा.

२. उरलेल्या स्ट्रिपा सोबत आणा. गोळ्या मोजल्या की किती चुकल्या ते दोन मिनिटांत कळतं. ओरडायला नाही मोजत. सकाळची चुकते की रात्रीची, हे पाहायचं असतं. रात्रीची चुकत असेल तर डबी ताटाजवळ ठेवा, कपाटात नको.

३. वेळ स्ट्रिपवर मराठीत लिहून मागा. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर, ग्लिमेपिराइड बहुधा नाश्त्याच्या तोंडावर. ग्लिमेपिराइड घेऊन नाश्ता टाळला तर साखर उतरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरणार असाल तर आठवडाभर आधी विचारा. डोस बदलणं डॉक्टरांचं काम, पण त्यांना काय विचारायचं ते आम्ही लिहून देऊ.

४. गोळी का सोडली, ते खरं सांगा. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं म्हणून गुपचूप बंद करणारे खूप. सावकाश विरघळणारी एसआर गोळी त्यांना सोसू शकते. ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागते आणि कुटून घ्यायची नसते. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळतं. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

५. इन्सुलिन घेत असाल तर बाटली आणि सिरिंज एकत्र दाखवा. आपल्याकडे ४० आणि १०० युनिटच्या (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये इतकी युनिट इन्सुलिन असलेल्या) बाटल्या शेजारीशेजारी विकल्या जातात. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी १०० ची. शंभरच्या बाटलीतून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर अंगात ५० युनिट जातात! घरातला भाचा घाईत कुठली सिरिंज घेऊन येईल, सांगता येत नाही, म्हणून रिकामी सिरिंज नमुना म्हणून त्याच्या हातात द्या. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.