साठीनंतर स्विमिंगचं ट्रेनिंग करताय? आधी नाश्ता बदला, मग लॅप वाढवा

सकाळच्या बॅचला साठी-सत्तरीची मंडळी हल्ली बरीच दिसतात आणि सगळीच काही डुंबायला येत नाहीत, कुणाची मास्टर्सची मीट (वयोगटानुसार होणारी स्पर्धा) असते, कुणाला डिसेंबरात मालवणला चिवला बीचच्या सागरी स्पर्धेत उतरायचं असतं. पण टायमिंग अडकलं की सगळ्यांचा उपाय एकच, अजून चार लॅप मारू. मला नाही पटत ते. या वयात दम बऱ्यापैकी टिकून असतो, कमी पडते ती ताकद, आणि ती नुसतं पोहून वाढत नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. शिवाय जेवढ्या प्रोटीनवर तरुण शरीर स्नायू बांधतं तेवढ्यावर आपलं बांधत नाही, त्याला एका वेळी जास्त लागतं. पाण्यात आपलं वजन पाणीच पेलतं, त्यामुळे गुडघे खूश असतात पण मांड्या आणि हाडं जवळजवळ सुट्टीवर.

पायरी १: आधी मोजून घ्या

हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा, घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर वेळ लावायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झालीय असं समजा, मग तुम्ही रोज किलोमीटरभर का पोहत असेना. हाच आकडा दर सहा आठवड्यांनी परत बघायचा, वजनकाट्यापेक्षा हा जास्त खरं सांगतो. (वजन उतरलं की आपल्याकडे अभिनंदन करतात, पण साठीनंतर मुद्दाम न करता वजन उतरत असेल तर बहुतेक वेळा स्नायूपण जात असतात, डॉक्टरांना दाखवा.)

सोबत बी-१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या. शाकाहारी असाल किंवा डायबेटिससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ हमखास तपासा. आणि किडनीचा त्रास असेल तर खालचे प्रोटीनचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

पायरी २: प्रोटीनचा हिशोब, वहीत

ट्रेनिंग करणाऱ्या ज्येष्ठांसाठी किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ६० किलो वजनाला ७२ ग्रॅम. आता आपला नेहमीचा शाकाहारी दिवस मांडा: चहा-पोहे ५ ग्रॅम, दुपारी दोन पोळ्या-भाजी-वरण-भात १५, चहा-बिस्कीट २, रात्री मुगाची खिचडी नि ताक मिळून १२. झाले ३४. अर्धेसुद्धा नाहीत! आणि आपल्याला वाटत असतं की आपण घरचं सात्त्विक खातो म्हणजे सगळं मिळतंय.

अंदाजासाठी काही आकडे: एक अंडं ६ ग्रॅम, ग्लासभर दूध ६ ते ७, मोठी वाटी दही ६, १०० ग्रॅम पनीर १८, ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५, मूठभर दाणे किंवा फुटाणे ६ ते ७, १०० ग्रॅम बांगडा १९-२०, तेवढंच चिकन २२ च्या पुढे. डाळीच्या पातळ आमटीवर फार भरवसा ठेवू नका, वाटीत डाळ किती आणि पाणी किती ते आपल्यालाच माहीत.

नुसती दिवसाची बेरीज जुळवून भागत नाही बरं का, एकेका जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. रात्री एकदम ५० ग्रॅम खाऊन सकाळची उधारी फिटत नाही.

पायरी ३: सकाळ सुधारा

खरी गडबड इथेच आहे. पूलमधून बाहेर आलं की कोपऱ्यावर चहा, पोहे, गप्पा. गप्पा राहू द्या, पोहेपण राहू द्यात, पण बाजूला दोन-तीन उकडलेली अंडी आणि दूध हवं. अंडी चालत नसतील तर मुगाची धिरडी करा, आत पनीर किसून घाला, सोबत वाटीभर दही, झालं काम. सोया चंक्स मिक्सरला फिरवून थालीपिठाच्या भाजणीत मिसळले तर घरात कुणाला कळत नाही.

पोहायच्या आधी अगदी उपाशी जाऊ नका, अर्धं-एक केळं किंवा दोन खजूर पुरतात. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी पाण्यात उतरूच नका, पाण्यात चक्कर येणं हा वेगळाच धोका आहे. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून भात-पोळी बंद करू नका, इंधन नसेल तर शरीर प्रोटीनच जाळायला लागतं, मग एवढा खटाटोप कशाला.

श्रावणात, एकादशीला मोठी अडचण होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यापेक्षा वरीचा भात, दाण्याची दाटसर आमटी, दही, राजगिरा-दूध, चालत असेल तर पनीर. निर्जळी उपास असेल त्या दिवशी ट्रेनिंगला सरळ सुट्टी.

पायरी ४: आठवड्यातून दोनदा जमिनीवर

दोन दिवसांत किमान एक दिवसाचं अंतर, अर्धा तास पुरतो. खुर्चीतून उठ-बस (सोपं वाटायला लागलं की हातात पाण्याच्या बाटल्या), भिंतीवर पुश-अप, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, टाचा वर करणं. प्रत्येकी दोन-तीन सेट, ८ ते १२ रेप्स (म्हणजे तेवढ्या वेळा), आणि वजन असं की शेवटी अजून दोनच रेप्स जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. वीस जमत असतील तर वजन कमी आहे, वाढवा.

खांद्याला वेगळं बघायचं. फ्रीस्टाइलमध्ये हात सतत आत वळतो आणि पुढचे स्नायू जास्त काम करतात, म्हणून कोपर कमरेला चिकटवून बँड बाहेर ओढायचा व्यायाम रोज केला तरी चालतो, हलक्या बँडवर. हात वर नेताना खांद्यात टोचत असेल तर हँड पॅडल्स (तळहाताला लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या) काही दिवस बॅगेतच ठेवा.

आणि पोहणाऱ्यांची एक खास सवय म्हणजे श्वास धरणं. वजन उचलताना ते नको, बीपी झटकन वर जातं. उचलताना श्वास सोडा.

पायरी ५: पाणी आणि पावडरी

पाण्यात घाम कळत नाही पण येतो, आणि वयानुसार तहानही कमी लागते, म्हणून लेनच्या टोकाला बाटली ठेवा. तासाभराच्या सेशनला साधं पाणी बास, रोज इलेक्ट्रॉल पिऊ नका, बीपीवाल्यांनी तर नाहीच. व्हे पावडर (दुधातल्या प्रोटीनची) वाईट नाही, पण जेवणातून आकडा जुळत असेल तर पैसे वाचवा. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर, क्रिएटिनिन वेगळं) दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, वजनाच्या व्यायामासोबत घेतलं तर ज्येष्ठांना उपयोग होतो, मात्र त्याने रिपोर्टमधलं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि रक्त तपासताना आठवणीने सांगा.

पायरी ६: स्पर्धेचा आठवडा

गणपती झाले की सुरुवात केली तर डिसेंबरपर्यंत तीन महिने मिळतात, फरक दिसायला तेवढे पुरतात. शेवटच्या पाच-सहा दिवसांत वजनाचा व्यायाम बंद, जेवण मात्र तसंच ठेवायचं. आदल्या रात्री मालवणात आहोत म्हणून तिखट कालवणावर ताव मारू नका, भात, साधी आमटी, वाफवलेला किंवा कमी तेलातला मासा. सकाळी उतरण्याच्या दोन-तीन तास आधी खाऊन घ्या, जे रोज खाताय तेच, मित्राने दिलेली एनर्जी जेल तिथे पहिल्यांदा फोडू नका. सुरमई थाळी पोहून आल्यावर.