टाळ वाजतो, पण घुमत नाही? या चुका टाळा

गणपती जवळ आले की इंदूरच्या भजनी मंडळांत एक तक्रार हमखास ऐकू येते: टाळ नवे आणले, पण आवाज बसलेला. दोष बहुतेक वेळा टाळाचा नसतो, हाताचा असतो. तबल्यात कातडं बोलतं, तंबोऱ्यात तार. टाळ, झांज, घंटा या घनवाद्यांत मात्र वाद्याचं अंगच कंप पावतं. ते अंग दाबलंत की नाद संपला.

सगळ्यात जास्त थरथरतो तो काठ, आणि नवशिक्यांची बोटं नेमकी तिथेच टेकलेली असतात. दोरी बोटांना इतकी आखूड गुंडाळतात की मूठ थेट वाटीला भिडते. जरा सैल धरा, टाळ लोंबकळू द्या. (लय वाढल्यावर मुद्दाम दाबून वाजवतात, ती गोष्ट वेगळी.) दुसरं म्हणजे दोन्ही टाळ समोरासमोर सपाट आपटू नका. मध्ये हवा कोंडते आणि नुसतं 'थप' होतं. किंचित तिरके धरून काठावर काठ येऊ द्या.

बर्तन बाजारात जोडी घेताना चकाकी पाहू नका. एकेक टाळ दोरीने टांगून नखाने टिचकी मारा. दोघांचे सूर जरासे वेगळे असले तर उत्तमच, त्यानेच नादाला लहर येते. आवाज चिरका, खरखरीत आला तर कुठेतरी चीर आहे. चांगल्या काशात (टाळाचा तांबं-कथलाचा मिश्रधातू) साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. त्यामुळे ते दीर्घ वाजतं, पण ठिसूळही होतं. फरशीवर एकदा पडलं तरी काठ तडकू शकतो. अशा टाळाला डाख देऊन आणू नका. तापवल्याने काशाचा कस बिघडतो. चीर लहान असेल तर तिच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती थांबवता येते, मूळचा नाद मात्र परत येत नाही.

चिंचेने घासताना दोरी आधी काढा. गाठीत ओल राहिली की भोकाशी कळंक चढतो, दोरी कुजते आणि ऐन गजरात तुटते.

जलतरंग, म्हणजे पाणी भरून वाजवायच्या वाट्या, मांडणाऱ्यांची चूक वेगळीच. पाण्याने वाटीचा सूर उतरतो, कधीच चढत नाही. म्हणून रिकाम्या वाटीचा सूर हव्या त्या स्वरापेक्षा थोडा चढाच निवडा. वाट्या मऊ कापडावर, एकमेकींना न खेटता ठेवा. खेटल्या तर झणझण होणारच.